एक ते चार बंद

रेकॉर्डर टेबलावर ठेवला तर
अरवाने त्याच्यावर बरणीचं झाकण घातलं,
मग स्वतःच हसून उचललं.
"सवय. उघडं काही ठेवत नाही मी."

कोंढवा, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
माझ्या वहीत अठरा प्रश्न. पहिला :
'संघर्षाची जाणीव आपल्याला सर्वप्रथम केव्हा झाली?'
इस्त्रीचा प्रश्न. घडीसुद्धा मोडली नव्हती त्याची.

ती म्हणाली, आधी चहा घे.

तिचं मराठी नारायण पेठेतल्या खानावळीतलं,
पहिल्या वर्षी उषाकाकूंनी पोळ्यांबरोबर वाढलेलं,
त्यामुळे ती युद्धसुद्धा काकूंसारखंच सांगते :
"अगंबाई, म्हणेपर्यंत धडाम!
आणि शेजाऱ्यांचा जिना आमच्या स्वयंपाकघरात."
मी हसले.
मग ते हसू कुठे ठेवावं कळेना.

"इथे आले त्या आठवड्यात
एका दुकानावर पाटी होती. मैत्रिणीने वाचून दाखवली.
दुपारी एक ते चार बंद. बेल वाजवू नये.
सगळ्या मुली हसल्या, मला रडू आलं.
आमच्या ताइझमध्ये
युद्धच दुपारी बंद असायचं."

कात चघळायला बसायचे बंदूकवाले.
"तुमचा पानातला कात नव्हे गं,
झाडाचा कोवळा पाला, गालात धरून ठेवायचा.
रस्त्याच्या या बाजूचे या बाजूला,
त्या बाजूचे त्या.
पाला विकणारा म्हातारा मात्र एकच,
दोन्हीकडे उधारी."

त्या तीन तासांत सगळं उरकायचं.
पाणी. पीठ. बीजगणिताचा तास.
धाकट्या मावशीचं लग्नसुद्धा असंच लागलं,
तिच्या मेंदीचा वास आणि रॉकेलचा वास एकत्रच आठवतो.
आजोबांना पुरलं तेही दुपारीच,
चाराला वीस मिनिटं कमी असताना.
माती थोडी कमी पडली.
"म्हणजे माती होती भरपूर," ती म्हणाली,
"मिनिटं कमी पडली."

सातवा प्रश्न दोन्ही बाजूंविषयी होता.
मी 'बाजू' म्हटलं आणि ती उठून
गॅसची शेगडी पुसायला लागली, स्वच्छ असलेली.
पाठमोरीच बोलली :
"भाऊ या बाजूला, मावसभाऊ त्या बाजूला.
दोघांचे ईदचे सदरे लहानपणापासून एकाच ताग्यातले.
एका रात्री भाऊ वाळूच्या पोत्यांमागे बसलेला,
समोरून खोकला आला.
त्याने ओळखला.
आमच्या घरातला खोकला होता तो."

मग?

खाली टँकर मागे मागे घेत होता कोणी,
पीं पीं पीं,
आणि ती न बघता, सवयीनंच,
ओट्याखालचे दोन्ही कॅन बाहेर ओढून
दाराकडे निघालीसुद्धा.
मग थांबली. इथे नळ आहे, तिला आठवलं.
एकवीस वर्षांची मुलगी, हातात दोन रिकामे कॅन,
आणि मी, पेनाचं टोपण चावत.

नियमाप्रमाणे टंकलेखनात
शांतता कंसात लिहायची, सेकंदांसकट.
मी लिहिलं : (शांतता, बेचाळीस सेकंद).
त्यात भंगारवाला दोनदा ओरडून गेलाय,
वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काही कुटतंय.
ते कुठे लिहायचं, नियमात नाही.

उरलेले अकरा प्रश्न मी विचारले नाहीत.
ती जिन्यापर्यंत सोडायला आली, चपला घालताना म्हणाली,
"एक कर. भावाने ज्यावरून ओळखलं ना,
ते बदल. त्याची आई आहे अजून तिथे.
कोणी वाचून दाखवलं तर एवढ्यावरून कळेल तिला."

म्हणून वर खोकला लिहिलाय.

खोकला नव्हता तो.